केळीचा नकाशा व गांवची पीक पाहणी

महाराष्ट्रांत केळी कोठें पिकते, असें विचारल्यास शाळेंतला मुलगाही जळगांव जिल्ह्याचें नांव सांगेल. उत्तर चुकीचें नाहीं. राज्यांतील केळीचा सर्वांत मोठा वाटा या एकट्या जिल्ह्याचा आहे, आणि २०१६ सालीं येथील केळीस भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु हाच प्रश्न जरा बारकाईनें विचारून पाहावा. रावेर तालुक्यांतील अमक्या गांवीं आज किती एकर केळी उभी आहे? तिच्यांत नवती किती व पिलबाग किती? ती कोणत्या महिन्यांत लावली? रोप कोठून आणलें? असें विचारतांच उत्तर देणारा अडखळतो, आणि सरकारी कागद पुढें केला तरी विचारणाराचें पुरतें समाधान होत नाहीं. ज्या पिकावर आमच्या तालुक्यांचा सारा संसार चालतो, त्याचा ठावठिकाणा आम्हांस केवळ अदमासानें माहीत असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें या प्रश्नाची एक बाजू आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. ती वाचकांपुढें ठेवण्याचा हा यत्न आहे.

केळीचा मुलूख डोंगरासारखा जागचा हलत नाहीं, अशी आपली एक समजूत असते. ती खरी नाहीं. मागील पिढ्यांस केळी म्हटली कीं वसई आठवत असे. उत्तर कोंकणच्या त्या किनाऱ्यावर विहिरीच्या गोड्या पाण्यावर केळीच्या वाड्या होत्या. राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं आगाशीच्या नांवानें प्रसिद्ध होतीं. सुकेळीं आजही थोडींफार होतात, परंतु वाड्यांचा तो विस्तार राहिला नाहीं. पाणी उपसून उपसून अनेक विहिरी खारट झाल्या आणि आगगाडीच्या दोन्ही बाजूंनीं शहर वाढत आलें. ज्या जमिनींत एके काळीं घड लोंबत होते, तेथें आज इमारतींचे मजले चढले आहेत. केळीचा एक जुना मुलूख नकाशावरून असा पुसला गेला, आणि तो कोणत्या सालीं किती पुसला गेला, हें आतां कोणास नीट सांगतां यावयाचें नाहीं.

खानदेशांत केळी स्थिरावली ती सातपुड्याच्या पायथ्याशीं. डोंगरांतून वाहून आलेल्या गोट्या-वाळूच्या थरांत मुरलेलें सुकी, मोर इत्यादि नद्यांचें पाणी, त्यावर कसदार काळी माती, आणि भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील सावदें, निंभोरें, रावेर हीं स्थानकें, इतकीं कारणें एकत्र आलीं तेव्हां रावेर-यावलचा केळीपट्टा तयार झाला. यांपैकीं माती आहे तशी आहे. पाणी मात्र खालीं खालीं चाललें आहे. भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून जे तालुके सरकारी मोजणींत नोंदले जातात, त्यांत यावल व रावेर हीं नांवें वारंवार आलेलीं आहेत. जेथें पूर्वीं मोटेनें मळा भिजत असे, तेथें बोअर शेंकडों फूट खोल न्यावी लागते, आणि ज्याची बोअर आटली त्याचा केळीचा गट मुकाट्यानें कापसाकडे किंवा मक्याकडे वळतो. उलट चोपडें, जळगांव, मुक्ताईनगर या बाजूंस, तसेंच दक्षिणेस गिरणाकांठच्या भडगांव-पाचोऱ्याकडेही केळी दिसते. जिल्हा तोच राहतो, म्हणून जिल्ह्याच्या एकूण आंकड्यांत ही हालचाल दिसत नाहीं. ती गांवाच्या व गटाच्या नकाशावरच दिसूं शकते.

या हालचालीस वेग आला तो रोपामुळें व ठिबकामुळें. पूर्वीं बसराईचा मुनवा शेजाऱ्याच्या बागेंतून येई. त्यामुळें केळीचा प्रसार बैलगाडीच्या चालीनें होत असे, आणि मुनवा कोणाच्या बागेंतला, हें दोन्ही घरांस ठाऊक असे. १९९० नंतरच्या दशकांत ऊतिसंवर्धनाचीं रोपें आलीं, त्यांबरोबर ग्रँड नैन ही जात रुळली, आणि सरीनें भरपूर पाणी देण्याजोगी सोय नाहीं अशा रानांतही नळीच्या थेंबावर केळी उभी राहूं लागली. रोप ट्रकनें येतें. आज येथें उतरलें, उद्यां दोनशें मैलांवर. सोलापूर जिल्ह्यांत करमाळें व माढें या तालुक्यांत उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर पूर्वीं उसाचेंच राज्य होतें; तेथें कंदर, वांगी या भागांत केळीनें उसास मागें सारून मोठा मुलूख व्यापला आहे, आणि तेथील माल खोक्यांत बंद होऊन आखाती देशांस जातो. नांदेडकडे अर्धापूर हें केळीचें जुनें नांव आहेच. सरहद्दीपलीकडे मध्यप्रदेशांत बऱ्हाणपूर आहे, तें तर रावेरच्या अंगणांतच असल्यासारखें आहे. आमच्याकडील भावाची चर्चा बऱ्हाणपूरच्या लिलावाचा आंकडा समजल्यावांचून सुरूच होत नाहीं.

आतां ज्या कागदावरून केळीचा नकाशा व्हावयाचा, त्या कागदाकडे वळूं. सातबाराच्या उताऱ्यांतील बारा नंबर म्हणजे पिकांची नोंदवही. तलाठ्यानें हंगामांत शिवारांत फिरून गटवार पीक लिहावें, मंडळ अधिकाऱ्यानें कांहीं गट तपासावे, आणि गांवचा एकूण आंकडा अकरा नंबरच्या गोषवाऱ्यांत यावा, अशी ही रचना. रचना उत्तम होती. परंतु एका तलाठ्याकडे तीन-चार गांवें, शेंकडों गट, त्यांत वसुली, निवडणूक आणि दुष्काळाच्या याद्या. मग पाहणी बांधावर होण्याऐवजीं कित्येक ठिकाणीं चावडींत बसून मागील वर्षाच्या पत्रकावरून होई, हें गुपित नाहीं. ज्वारी-कपाशीस यानें फारसें बिघडत नसेल. केळीस बिघडतें, तें असें. महसुली वर्ष ऑगस्टमध्यें सुरू होऊन जुलैअखेर संपतें. आश्विन-कार्तिकांत लावलेली कांदेबाग त्या वर्षाच्या रब्बी पाहणींत लिहिली जाते. ती कापली जाण्यापूर्वीं पुढील वर्षाची खरीप पाहणी येते व तींतही तीच केळी लिहिली जाते. एकच लावणी दोन वर्षांच्या पत्रकांत आली. हंगामांचे आंकडे जो अजाणतेपणीं बेरजेस घेईल, त्यास एक एकर केळी दोन एकर दिसेल. शिवाय रकान्यांत 'केळी' इतकाच शब्द. नवती कीं पिलबाग, मृगबाग कीं कांदेबाग, जात कोणती, यांपैकीं कांहींच नाहीं.

नोंद बिघडण्याचें दुसरें कारण लिहिणाराचें नसून लिहविणाराचें आहे, आणि तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं, कारण तें आमच्याच बंधूंचें आहे. जेथें पाणीपट्टी आकारली जाते, तेथें बागाइताचें क्षेत्र कागदावर आंखडतें. जेथें पीककर्ज किंवा विमा मिळावयाचा असतो, तेथें तेंच क्षेत्र फुगतें. एकाच गटाची केळी कालव्याच्या दप्तरांत तीस आर व सोसायटीच्या दप्तरांत साठ आर अशी असूं शकते. दोन्ही कागदांवर सही एकाचीच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. तीमध्यें खातेदारानें स्वतःच्या गटांत जाऊन मोबाइलवर पिकाचें छायाचित्र काढून नोंद करावयाची असते. या पद्धतीस नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत; रेंज मिळत नाहीं, म्हाताऱ्या खातेदारास मोबाइल चालवितां येत नाहीं, शेवटच्या दिवशीं यंत्रणा कोलमडते, या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही आमचें मत असें कीं, पाहणीची लेखणी जन्मांत प्रथमच शेतकऱ्याच्या हातीं आली आहे, आणि ती परत चावडींत जाऊं देणें शहाणपणाचें नाहीं. लागवडीची तारीख व सिंचनाचें साधन या नोंदींत लिहितां येतें. हे रकाने मनापासून भरले तर बारा नंबरांत जें कधींच नव्हतें, तें त्यांत येईल. पुष्कळ जण मात्र मुलाच्या हातीं मोबाइल देऊन मनास येईल ती तारीख टाकून मोकळे होतात.

आकाशांतून काढलेल्या छायाचित्रांवरून केळी मोजण्याचाही उद्योग चालतो, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे, कारण त्याबद्दल आमच्यांत एकतर अंधविश्वास असतो, नाहींतर टवाळी. केंद्र सरकारनें २०१४ सालीं 'चमन' नांवाची योजना काढली. तींत उपग्रहांच्या साह्यानें फळें-भाजीपाल्याचें क्षेत्र काढण्यासाठीं जीं सात पिकें निवडलीं, त्यांत केळी होती. राज्यापुरतें असलें काम नागपूरचें महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र करतें. युरोपचे जे सेंटिनेल-२ नांवाचे उपग्रह आहेत, त्यांच्या छायाचित्रांतील सर्वांत लहान ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे बरोबर आपल्या उताऱ्यांतला एक आर, जुन्या हिशेबानें जवळजवळ एक गुंठा. महसुली कारकुनास याहून सोयीचें माप कोणतें असणार! परंतु येथेंच मेख आहे. वीस आरांचें चौकोनी शेत घेतलें तर त्याची बाजू पंचेचाळीस मीटरांच्या आंतच भरते. त्या शेतांत पूर्णपणें बसणारे ठिपके, ते बांधाशीं सरळ रेषेंत आले असें मानलें तरी, नऊ ते सोळाच निघतात; बाकीच्यांत थोडी केळी, थोडा बांध व थोडी शेजाऱ्याची कपाशी. मोठ्या गटास हा दोष जाणवत नाहीं, वांटण्या होऊन तुकडे पडलेल्या गांवास जाणवतो. पुन्हा लावणीनंतरचे पहिले तीन-चार महिने उपग्रहास केळीपेक्षां मातीच जास्त दिसते. उजनीकडे केळीची गल्लत उसाशीं होऊं शकते. पावसाळ्यांत ढग आडवे येतात, त्यावर उपाय म्हणून रडारचे उपग्रह आहेत. त्यांचे किरण ढगांतून पार होतात व केळीच्या रुंद पानांवरून जोरानें परततात, म्हणून केळी ओळखण्यास ते विशेष उपयोगी पडतात. सारांश, आकाशांतला डोळा तीक्ष्ण आहे, पण तो कोणत्या ठिपक्यास केळी म्हणावें हें जमिनीवरील खऱ्या नोंदींवरूनच शिकतो. ज्या गांवची पाहणी खोटी, त्या गांवाविषयीं तो खोटेंच शिकेल.

हा नुसता शास्त्राचा वाद राहिलेला नाहीं. केळीचा हवामानाधारित विमा आमच्या जिल्ह्यांत हजारों शेतकरी उतरवितात. हिंवाळ्यांत पारा ठराविक अंशाखालीं लागोपाठ कांहीं दिवस राहिला, उन्हाळ्यांत तो ठराविक अंशावर गेला, किंवा वादळी वाऱ्यानें बाग आडवी झाली, तर भरपाई मिळावी अशी ही योजना. चरका पडलेली बाग किंवा जूनच्या वाऱ्यांत मोडलेलीं खोडें ज्यानें पाहिलीं आहेत, त्यास तिची किंमत सांगावयास नको. परंतु विमा उतरविलेलें क्षेत्र व प्रत्यक्ष उभी केळी यांत तफावत असल्याचा बोभाटा झाला, उपग्रहाच्या आधारें पडताळणी झाली, आणि ज्यांची बाग खरोखर उभी होती अशांचेही दावे त्या घोळांत अडकले. कांहींनीं केळी नसतां विमा काढला, याचें प्रायश्चित्त केळी असणाऱ्यांनीं घेतलें. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची पिलबाग डोळ्यांदेखत उभी होती. कागदावर मात्र ती दिसेना, कारण नोंद आदल्या वर्षाची होती व गटाची पोटहिस्स्यानें फोड झालेली होती. त्यांनीं कचेरीचे किती खेटे घातले, तें सांगत बसत नाहीं. पुढें विम्यासाठीं ई-पीक पाहणीची नोंद व जागेवरचें छायाचित्र मागितलें जाऊं लागलें, याचें मूळ या प्रकरणांत आहे.

याहून मोठी भीति रोगाची आहे. मृगबागेंत पावसाची झिमझिम व ढगाळ हवा असतां पानांवर पिवळे पट्टे येऊन पोंगा सडतो, त्यास आपले लोक हरण्या म्हणतात. तो विषाणूचा रोग माव्यानें पसरतो व काकडी-टोमॅटोसारख्या पिकांतही त्याचें घर असतें. त्या वेळीं झाडें उपटून गाडणें हाच उपाय. तरी त्या मातींत पुन्हा केळी लावतां येते. पनामा मर रोगाचें तसें नाहीं. त्याची बुरशी जमिनींत दशकेंच्या दशकें जिवंत राहते, ती औषधानें मरत नाहीं, आणि रोगट कंदानें, अवजारांस चिकटलेल्या मातीनें व वाहत्या पाण्यानें ती पुढें जाते. या रोगाच्या जुन्या प्रकारानें मध्य अमेरिकेंतील ग्रो मिशेल जातीचे मळे बसविले, व १९६० च्या सुमारास जगाच्या व्यापारांत तिची जागा कॅव्हेंडिश वर्गाच्या केळींनीं घेतली. आमची बसराई व ग्रँड नैन याच वर्गाच्या. रोगाचा जो नवा प्रकार 'टीआर-४' म्हणून ओळखला जातो, तो नेमका याच वर्गास खातो. भारतांत तो प्रथम बिहारांत कटिहार-पूर्णियाकडे, मग उत्तर प्रदेशांत फैजाबादच्या बाजूस आढळला. पुढें गुजरातेंत सुरत व मध्यप्रदेशांत बऱ्हाणपूर येथूनही त्याची नोंद झाली. बऱ्हाणपूर हें नांव वाचून वाचकांनीं क्षणभर थांबावें. तेथील बागेंत सकाळीं घड कापणारी टोळी दुपारीं रावेरच्या बागेंत असूं शकते. तोच विळा, तीच पायताणें, तीच गाडी. राज्याची सीमा नकाशावर आहे, मातींत नाहीं.

अशा वेळीं नकाशाचा उपयोग काय होतो, हें ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत दिसलें. तेथील टली खोऱ्यांत २०१५ सालीं एका मळ्यांत हा रोग सांपडला. दुसऱ्या वर्षीं केळी उत्पादकांच्या संघानेंच तो मळा विकत घेऊन कायमचा बंद केला. नंतर आसपासच्या कांहीं मळ्यांत रोग सांपडला, तथापि इतर देशांच्या मानानें त्याची गति फार मंद राहिली. तेथें मळे मोठे व थोडे, आमच्याकडे लहान व हजारों. म्हणून तेथील उपाय जसाच्या तसा येथें चालणार नाहीं. पण रोगट गटाच्या भोंवतीं कोणाकोणाची केळी आहे व त्या गटांतला कंद कोणी कोणी नेला, हें एका दिवसांत सांगतां आलें पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच. आमच्याकडे ही चौकशी आज सुरू केली तर टोळ्या आणखी शेंकडों बागा फिरून येतील, तेव्हां कोठें ती संपेल.

कित्येक बागाइतदार म्हणतात कीं, लावणीचा खरा हिशेब उघड झाला तर व्यापारी भाव पाडतील. आम्हांस हें पटत नाहीं. व्यापाऱ्यांचीं माणसें रोज बागेंत फिरतात. कोणत्या शिवारांत किती घड कधीं तयार होणार, हें त्यांस बागेच्या मालकाआधीं कळतें. अजाण असतो तो शेतकरीच. ऊतिसंवर्धित रोप अकराव्या-बाराव्या महिन्यांत कापणीस येतें. म्हणजे यंदाच्या जून महिन्यांत किती रोपें जमिनींत गेलीं, हा पुढील मे-जूनच्या बाजाराचा आधींच लिहिलेला जमाखर्च होय. तो वाचतां आला तर निदान कांहीं जण लावणी पुढेंमागें करतील.

यासाठीं सरकारची वाट पाहण्याची जरूर नाहीं. तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींतून गांवनकाशाची नक्कल मिळते. तिच्यावर वर्षांतून दोन वेळां, मृगबागेनंतर व कांदेबागेनंतर, गांवच्या चार जाणत्यांनीं शिवार फिरून केळीचे गट रंगवावे. नवतीस एक रंग, पिलबागेस दुसरा, आणि रोगामुळें उपटलेल्या जागेस तांबडी खूण. सोबत एक वही ठेवावी व तींत गट नंबर, क्षेत्र, लावणीचा महिना, जात आणि झाडांची संख्या लिहावी. पांच फुटांवर पांच फूट लावणी असली तर एकरीं सुमारें १७४० झाडें बसतात. रोपांच्या पावतीशीं हा आंकडा ताडून पाहिला कीं क्षेत्र फुगविलें अथवा आंखडलें, तें विचारल्याशिवायच समजतें. पोटहिस्से झाले असतील तेथें ज्याची वहिवाट त्याचें नांव घालावें, नाहींतर वर सांगितलेल्या गृहस्थांसारखी गत होते. ही वही कर्जासाठीं नाहीं, पाणीपट्टीसाठीं नाहीं, हें आरंभींच सर्वांनीं मिळून ठरवावें; म्हणजे खोटें लिहिण्याचें कारण उरणार नाहीं. जुने नकाशे फाडूं नयेत, साल घालून जपून ठेवावे, कारण पांच-सात वर्षांचे नकाशे शेजारीं ठेवले म्हणजेच कोणत्या बाजूच्या विहिरी आटत चालल्या व केळी कोणीकडे सरकली, तें दिसेल.

वहींतला शेवटचा रकाना रोपाचा असावा: कोणत्या रोपवाटिकेंतून किंवा कोणाच्या बागेंतून आणलें, व कोणत्या तारखेस. कंद परजिल्ह्यांतून अथवा परराज्यांतून आणला असल्यास तो गट नकाशावर निराळ्या खुणेनें दाखवावा, आणि तेथील झाडांवर पहिले सहा महिने विशेष नजर ठेवावी. खालचीं पानें कडेनें पिवळीं पडून देठाशीं मोडूं लागलीं, किंवा बुंधा उभा चिरला, तर खोड आडवें कापून आंत तांबूस-तपकिरी रेघा आहेत कीं काय तें पाहावें. तशा असल्यास तें झाड तेथेंच राहूं द्यावें, त्या भागाचें पाणी बंद करावें, तें कापलेलें हत्यार दुसऱ्या झाडास लावूं नये, आणि त्याच दिवशीं कृषि खात्यास कळवावें.